एकवीस की एकोणतीस

इमारत पुनर्विकासाच्या यादीत लागल्याची बातमी आली त्या दिवशी मास्तर कठडा न धरता जिना चढले. एरवी कठडा धरणं भाग होतं, कारण तिसरी आणि अकरावी पायरी केव्हाच सेवानिवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्या जागी नवी भरती झाली नव्हती. पण त्या दिवशी मास्तरांची छाती इतकी पुढे आली होती की पायाखालचं त्यांना दिसतच नव्हतं. तीन मजले, अडतीस खोल्या, भिंतींना पोपडे, गच्चीला तडे. गेली बारा वर्षं येणारा-जाणारा त्या इमारतीकडे बघून नुसता 'च्च' करायचा. आता त्याच जागी नवी इमारत उभी राहणार होती, लिफ्टसकट.

"नोटीस वाचलीस का?" घरात शिरताशिरता मास्तरांनी बायकोला विचारलं. "लिहिलंय की सर्व रहिवाशांची पात्रता तपासली जाईल. जे पात्र ठरतील त्यांना नवं घर."

"बरं झालं," बायको भांडी पुसता पुसता म्हणाली. "तुम्ही पात्र आहात की नाही याची मला पस्तीस वर्षं शंका होती. आता सरकारच काय ते ठरवील."

मास्तरांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शाळेत चौतीस वर्षं सुलेखन शिकवलेल्या माणसाला ही कला येतेच.

मास्तरांबद्दल एवढं एकच सांगायचं, की त्यांचं अक्षर. ते अक्षर बघून माणसं आधी गप्प व्हायची आणि मग 'हे छापलंय का?' असं विचारायची. मास्तरांचा अक्षरावर जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता. माणूस फिरवाफिरवी करतो, अक्षर करत नाही, असं ते म्हणायचे. किराणा दुकानाच्या पाटीवरचा 'शुद्ध' चुकलेला म्हणून त्यांनी सहा वर्षं त्या दुकानातून काही घेतलं नव्हतं. सहा वर्षं दोन गल्ल्या लांबून सामान वाहून आणणारी त्यांची बायको यावर काय म्हणायची ते इथे देता येण्यासारखं नाही.

तर अशा माणसाच्या दारावर एका सोमवारी मोजणीवाला आला. काखेत वही, हातात लाल रंगाचा डबा, डब्यात एक झडलेला ब्रश. जे दार आधी उघडेल त्यावर पुढचा नंबर, अशी त्याची साधीसोपी पद्धत. त्यामुळे एका खोलीला सात तर तिला लागून असलेल्या खोलीला तेहतीस. प्रत्येक दारावर तो एक आकडा फासायचा, तोंडानं तो मोठ्यानं म्हणायचा, वहीत टिपायचा, घरातल्या माणसाला दारात उभं करून फोटो काढायचा आणि पुढे जायचा. पावती मागितली तर म्हणायचा, "ती पडताळणीनंतर. तोवर हा नंबरच तुमची पावती. पुसू नका."

मास्तरांच्या दाराला सतरा नंबर आला. एक वाकडा. सात तर दमून भिंतीला टेकल्यासारखा कलंडलेला, आणि दोघांच्या अंगावरून रंगाचे ओघळ उंबऱ्यापर्यंत गेलेले. मास्तर त्याच्याकडे बघत इतका वेळ उभे राहिले की हातातला चहा निवला.

"हे सात आहे?" ते म्हणाले.

"पुसू नका म्हणालाय तो," बायको आतून म्हणाली.

"पुसत कोण आहे? मी फक्त सुवाच्य करतोय."

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात हे बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं. याची नोंद इथे करून ठेवतो, कारण पुढे तिनं त्याची आठवण बऱ्याच वेळा करून दिली.

मास्तरांनी लाल आकड्यावर पांढऱ्या तैलरंगाचा चौकोन दिला, तो वाळू दिला, आणि त्यावर काळ्या रंगात सतरा लिहिलं. भोवती बारीक रेघेची चौकट. झालं. मास्तरांच्या दृष्टीनं विषय तिथेच संपला होता. पण अडतीस बिऱ्हाडांच्या इमारतीत कुठलाही विषय एका दाराशी संपत नाही.

सगळ्यांत आधी आला दुसऱ्या मजल्यावरचा कंपाउंडर. डॉक्टरच्या हाताखाली तीस वर्षं काढल्यामुळे तो सल्लासुद्धा डोसात द्यायचा, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. चष्मा कपाळावर चढवून त्यानं सतरा नंबर नीट तपासला. "मास्तर, झकास. पण पांढरा फार भडक वाटतो. थोडा साय-रंग मिसळा. आणि माझं दार आधी घ्या, माझा एकोणतीस आहे. नऊला जरा रुबाब येऊ द्या."

त्याचं दार झालं आणि मग रांगच लागली. आपल्या दारावरचा आकडा गबाळा आहे हे काल कुणाच्या गावीही नव्हतं, आज सगळ्यांना तो टोचायला लागला. मास्तर स्टूल घेऊन मजल्यामजल्यावर फिरू लागले. हात कमी पडत होते, सल्ले नव्हते. एकीला चौकटीऐवजी वेलबुट्टी हवी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन सख्ख्या जावांमध्ये, कुणाच्या पाचाचं पोट मोठं आलं, यावरून अबोला झाला. तेरा नंबरवाला गृहस्थ कानाशी लागून म्हणाला, "मास्तर, तेरा जरा अशुभ वाटतो. उलटून एकतीस करता का? कुणाला कळणार?"

"मी अक्षर सुधारतो, नशीब नाही," मास्तर ताठ होऊन म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्या आठवड्यात त्यांनी ते आणखी चार जणांना ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी ओल्या चौकोनाला पाठ टेकवून गप्पा मारल्या आणि अर्धा सव्वीस सदऱ्यावर घेऊन कामाला गेला. तिसऱ्या दिवशी स्टुलाचा पाय सुटला, मास्तर रंगाच्या डब्यावर बसले आणि पहिल्या मजल्यावरून स्वतःच्या घरापर्यंत भिंतीला पाठ लावून आडवे चालत गेले. चौतीस वर्षांची प्रतिष्ठा जपायची तर पँटची मागची बाजू जपावी लागते. पण सहाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत सदतीस दारं झाली होती, आणि गल्लीतले लोक मुद्दाम आत येऊन बघून जात होते. 'च्च' म्हणणारे आता 'वा' म्हणत होते. मास्तरांनी तो 'वा' दोन वेळा जिन्यात आडोशाला उभं राहून ऐकला.

उरलं होतं तळमजल्यावरचं शेवटचं दार, शिवणवाल्या मावशींचं. मावशी एकट्या. एक खोली, एक शिलाईचं यंत्र, आणि त्या यंत्राच्या जिवावर वाढवलेल्या दोन मुली, आता आपापल्या घरी गेलेल्या. इमारतीतल्या प्रत्येक घरातला निदान एक तरी कपडा त्यांनी उसवून पुन्हा नीट केलेला. त्या दिवशी मावशी शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेल्या होत्या. मास्तर दारासमोर बसले आणि लाल आकडा न्याहाळला. दोन. त्यापुढे नऊ. नऊ कसला, नवाची विटंबना. मास्तरांनी चौकोन भरला, वाळवला, आणि इमारतीतला सगळ्यांत सुरेख असा एकोणतीस लिहिला.

आता, एकोणतीस आपण पहिल्याच दिवशी कंपाउंडरला देऊन बसलो आहोत हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही? तर मास्तरांची नजर आकड्याच्या वळणावर असायची, किमतीवर नाही. गवई गाण्याचे शब्द विसरतो, त्यातला प्रकार.

मावशी परत आल्या. हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी दाराकडे कौतुकानं पाहिलं.

"किती छान काढलंत हो मास्तर!" त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण तो मोजणीवाला तोंडानं एकवीस म्हणाला होता."

"तोंडाचं सोडा, मावशी," ब्रश पुसता पुसता मास्तर म्हणाले. "माणूस काय, काहीही बोलतो. लिहिलेलं असतं ते खरं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या, आणि समोर मास्तर. त्या 'बरं' म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या मंगळवारी पडताळणीला कार्यालयातल्या अधिकारी मॅडम आल्या. हातात टंकलिखित यादी, मागे वही सांभाळत मोजणीवाला. तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात झाली आणि मास्तर यजमानाच्या थाटात पुढे चालू लागले. पहिल्याच दाराशी मॅडम थबकल्या.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मास्तर म्हणाले. त्या एका अक्षरात त्यांनी चौतीस वर्षांची नोकरी कोंबली होती.

"मूळ क्रमांकावर रंग द्यायला परवानगी नसते," मॅडम म्हणाल्या. मास्तरांचा चेहरा पडला. मग मॅडमनी यादी पाहिली, दार पाहिलं. "पण जुळतंय. आणि वाचता येतंय, हे आमच्याकडे क्वचितच होतं." आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'क्रमांक सुवाच्य'. मास्तरांनी वाकून ते वाचलं. त्यांच्या सेवापुस्तकात एवढा गोड शेरा कधी पडला नव्हता.

सदतीस दारं अशी सुरेख पार पडली. मग मंडळी मावशींच्या दाराशी आली. मावशी ठेवणीतले कपडे घालून उभ्याच होत्या. मॅडमनी यादीवर बोट फिरवलं, परत फिरवलं.

"एकोणतीस वर झाला ना? कंपाउंडर. मग हा एकोणतीस कुठला? आणि माझ्या यादीत एकवीस आहे, तो कुठंय?"

"मीच एकवीस," मावशी हळूच म्हणाल्या.

"दारावर एकोणतीस आहे, बाई."

"मॅडम, यादीत चूक असेल," मास्तर मध्येच बोलले. खरं तर इथे त्यांनी मूग गिळून बसायला हवं होतं. "मी मूळ आकडा पाहिलाय. नऊच होता. माझ्या हातून आकडा चुकत नाही."

मॅडमनी मोजणीच्या वेळचा फोटो फायलीतून काढून पाहिला. मावशी फोटोसाठी खांदा पुढे करून उभ्या राहिल्या होत्या. दोन स्वच्छ दिसत होता, पुढचा आकडा खांद्याआड. मॅडमनी मोजणीवाल्याची वही मागितली, तर त्या पानावर त्याचा डबा सांडून लाल तळं झालेलं.

"नियम साधा आहे," मॅडम म्हणाल्या. "यादी आमच्या वहीवरून टंकलेली. तिच्यात चूक होऊ शकते. दारावर लिहिलेलं असतं ते खरं. एकवीस नंबरची खोली जागेवर आढळली नाही, म्हणजे एकवीसचा रहिवासी अपात्र. आणि एकोणतीस दोन आढळले, म्हणून दोन्ही स्थगित. शुक्रवारी अंतिम यादी लागेल. तोपर्यंत पुरावा आणा."

लिहिलेलं असतं ते खरं. स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते किती आखूड आहे हे कळतं. मावशी आत जाऊन यंत्रावर बसल्या आणि पायडल हलवू लागल्या. सुईत दोरा नव्हता, हे मास्तरांना दारातूनही दिसलं.

पुढे सरसावला तो कंपाउंडर. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सल्ला नव्हता, नुसतीच बोंब होती. "मास्तर, करायला गेलात एक आणि झाले नऊ! माझं काय आता? मी काय केलं होतं?"

"तुम्ही नवाला रुबाब द्यायला सांगितला होता," मास्तरांची बायको जिन्यावरून म्हणाली. नवऱ्याला बोलायचा हक्क तिचा एकटीचा होता आणि तो ती कुणाला वापरू देत नसे.

बुधवारी मास्तर आणि कंपाउंडर कार्यालयात गेले. चार नंबरच्या खिडकीनं सात नंबरला पाठवलं. सात नंबरनं 'क्रमांक दुरुस्ती' असा छापील अर्ज दिला. तो नीट भरून दिल्यावर कळलं, की तो अर्ज फक्त नावातल्या चुकीसाठी आहे. आकड्यातल्या चुकीसाठी अर्जच नाही, कारण आकड्यात चूक होत नाही असं कार्यालयाचं मत आहे. मास्तरांना हे मत ओळखीचं वाटलं. नऊ नंबरच्या खिडकीतला कारकून मास्तरांनी भरलेला अर्ज बघून म्हणाला, "हे छापलंय का?" एरवी या प्रश्नानं मास्तरांचा आठवडा साजरा झाला असता.

घरी येताना ते मावशींच्या दारासमोर थांबले. आपणच लिहिलेला तो देखणा एकोणतीस. इतका देखणा, की त्यावर शंका घ्यायची कुणाची छाती झाली नसती. त्याच्याकडे बघताना मास्तरांना लाज वाटली. अक्षराची लाज त्यांना आयुष्यात खूप वेळा वाटली होती, पण ती दरवेळी दुसऱ्याच्या अक्षराची होती.

"अहो," जेवताना बायको म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून मास्तर दचकले. "खालचा लाल रंग गेला कुठे? तो असेलच ना तिथे, तुमच्या रंगाखाली?"

मास्तरांचा घास हातातच राहिला.

शुक्रवारी सकाळी मास्तरांच्या निरोपावरून मॅडम आल्या. मोजणीवालाही आला, आणि अडतीसच्या अडतीस बिऱ्हाडं तळमजल्यावर जमली. मास्तर टर्पेंटाइन, फडकं आणि एक बोथट पातं घेऊन दारासमोर बसले. रंग काढणं चढवण्यापेक्षा कठीण असतं, आणि रंग स्वतःचा असला तर फारच. आधी चौकट गेली. मग काळा नऊ गेला, त्या रुबाबासकट. मग पांढऱ्याचे पापुद्रे सुटायला लागले. मास्तर पातं अगदी हलकं धरत होते, कारण एक झटका जास्त बसला तर लालही निघाला असता आणि मावशींचं घर त्याबरोबर. कंपाउंडरनं एकदा तोंड उघडलं आणि आपणहून मिटलं.

लाल आकडा वर आला. मॅडमनी मोजणीवाल्याला पुढे बोलावलं. "वाच. तुझंच आहे."

मोजणीवाला वाकला, मान तिरपी केली, डोळे बारीक केले. "नऊ वाटतोय," तो म्हणाला. मग लोकांचे चेहरे बघून, "एकही असेल."

"म्हणजे तुला तुझंच वाचता येत नाही," मॅडम म्हणाल्या आणि पेनचं टोपण काढलं.

"मॅडम, एक मिनिट," मास्तर म्हणाले. "खाली बसून बघता का?"

मॅडम बसल्या. अधिकारी खाली बसलेला इमारतीनं पहिल्यांदाच पाहिला.

"हा दोन बघा. ब्रश टेकला तिथे रंग जाड, पुढे झडलेल्या केसांच्या रेघा. हा पुढचा आकडा. इथे ब्रश टेकला, इथे गाठ वळली, इथून शेपूट खाली गेलं. सगळीकडे केसांच्या रेघा आहेत. आता हा डावीकडचा फाटा, ज्याच्यामुळे एकाचा नऊ दिसतो. यात एक तरी रेघ दिसते? नाही. हा लाकडातल्या चिरेतून गेलाय. आणि याच्या टोकाला हात लावून बघा."

मॅडमनी नखानं चाचपलं. तिथे रंगाचा एक वाळका, टणक थेंब होता.

"रेघेच्या टोकाला ब्रश उचलतात, तिथे थेंब राहत नाही," मास्तर म्हणाले. "ओघळाच्या टोकाला राहतो. इथे ब्रश गेलाच नाही, मॅडम. रंग आपला आपण घरंगळलाय. हा एक आहे. एकवीस."

मोजणीवाला पुटपुटला, "डबा फार भरला होता त्या दिवशी."

मॅडम उठल्या, हात झटकले. "एवढं दिसतं तुम्हाला, मग तेव्हा नऊ कसा वाचलात?"

आता यावर मास्तरांजवळ उत्तरं होती. उजेड कमी होता. संध्याकाळ झाली होती. सहा दिवस स्टुलावर काढले होते. ही सगळी उत्तरं त्यांनी बुधवारपासून मनात घोळवली होती. समोर अडतीस बिऱ्हाडं होती, त्यांतली निम्मी त्यांच्या हाताखालून शिकून गेलेली.

"कारण मी विचारलं नाही," मास्तर म्हणाले. "या मावशींनी सांगितलं होतं, एकवीस आहे म्हणून. मी त्यांना गप्प केलं. यादी बरोबर आहे, मावशी बरोबर आहेत. चूक माझी आहे."

"लेखी द्या."

मावशींनी यंत्रावरचे कपडे बाजूला केले आणि मास्तर तिथे लिहायला बसले. आधी मावशींच्या पट्टीनं त्यांनी कागदावर रेघा आखल्या. चूक कबूल करायची तर ती निदान वाचता तरी यावी. मग त्यांनी सावकाश लिहिलं, की मी अमुक, निवृत्त सुलेखन शिक्षक, खोली क्रमांक एकवीसचा माझ्या अहंकारामुळे एकोणतीस केला. 'अहंकारामुळे' हा शब्द मॅडमनी मागितला नव्हता. त्यातल्या ह ला मास्तरांनी असं वळण दिलं की बायको मागून मानेवरून वाकून बघत राहिली.

मॅडमनी कागद वाचला. घडी घालायला गेल्या, थांबल्या आणि तसाच सपाट फायलीत ठेवला. यादीत एकवीससमोर त्यांनी शेरा लिहिला. मग एकोणतीससमोर. कंपाउंडरनं सोडलेला श्वास दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

मास्तरांनी यादीत डोकावून पाहिलं. त्यांचा उजवा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. त्यांनी तो परत आणला.

"मॅडम," ते अदबीनं म्हणाले, "एक विचारू? मावशींसमोर 'पत्र' लिहिलंय की 'पात्र'?"

मॅडमनी पाहिलं. काना राहिला होता. त्यांनी तो दिला, आणि मावशी पात्र झाल्या. मावशींनी डोळ्यांना पदर लावला आणि मास्तरांना म्हणाल्या, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. माझ्या घरात."

"एकवीस नंबरला आता कुणी हात लावायचा नाही," जाताना मॅडमनी बजावलं. "आहे तसाच पुरावा राहू दे."

त्यामुळे इमारत पाडायची वेळ येईपर्यंत त्या दारावर खरवडलेला, डागाळलेला चौकोन आणि त्यात तो गबाळा, ओघळलेला एकवीस तसाच राहिला. बाकीच्या सदतीस दारांवरचे आकडे बघायला लोक येतच होते. नव्या इमारतीच्या पाट्या करायला निघालेला एक कंत्राटदारही एकदा नमुने बघायला आला. मास्तरांनी त्याला मजले दाखवले, पण भरभर, वाटेत कुठेही न रेंगाळता. मग खाली आणून मावशींच्या दारासमोर उभं केलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, "हे माझं काम."

कंत्राटदारानं दार वरून खाली पाहिलं. "हे? हे तुम्ही लिहिलंय?"

"नाही," मास्तर म्हणाले. "खरवडलंय."